मुलांचे न्यायालय



१९११ सालच्या सप्टेंबर महिन्यात वेल्समधील लानेली ह्या गावी शाळकरी मुलांनी संप केला. गाव गोदीचे, पत्र्याच्या कारखान्यांचे आणि रेल्वेचे. दोनअडीच आठवड्यांपूर्वीच, १९ ऑगस्टला, ह्याच गावात रेल्वे कामगारांच्या संपाच्या वेळी लष्कराने गोळ्या झाडल्या होत्या आणि दोघेजण ठार झाले होते. हे सारे ज्यांनी आपल्या दारातून पाहिले त्या पोरांपैकी एकाने वर्गात चिठ्ठी फिरवली, मास्तरांनी ती पकडली आणि पोराला मार दिला. चिठ्ठीत संपाची हाक होती. त्याचे सोबती उठून बाहेर पडले. पुढच्या काही दिवसांत ही लागण ब्रिटनमधील साठाहून अधिक गावांत पसरली. मिरवणुका निघाल्या, फलक निघाले. मागण्या गावोगाव थोड्या निरनिराळ्या होत्या. पण छडी बंद करा ही मागणी बहुतेक ठिकाणी होती, आणि तिच्या जोडीला तास कमी करा, सुट्टी वाढवा, ह्याही होत्या.

संप थोड्याच दिवसांत मोडला. आईबापांनीच पोरांना बखोटीला धरून शाळेत नेऊन घातले, आणि ज्या छडीविरुद्ध संप होता तीच छडी संपाच्या पुढाऱ्यांच्या हातांवर पडली. ब्रिटनमधील सरकारी शाळांतून ती कायद्याने हद्दपार झाली १९८७ साली. म्हणजे त्या पोरांची मागणी मान्य व्हायला ७६ वर्षे लागली. इतका लांबलेला संप आमच्या माहितीत दुसरा नाही!

कामगार चळवळीच्या इतिहासात ह्या संपाला कोणी जागा देत नाही. गंमतीची गोष्ट म्हणून सांगतात आणि पुढे जातात. आम्हांला मात्र त्यात एक गंभीर प्रश्न दिसतो. छडी नको, हे त्या मुलांनी सांगितले. मग छडीच्या जागी काय, ह्याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते; मोठ्या माणसांपाशी तरी कोठे होते? त्या उत्तराचा एक प्रयत्न ह्या संपानंतर काही वर्षांतच पोलंडमधील वॉर्सा शहरात, एका अनाथालयात झाला, आणि तो प्रयत्न चालवला मुलांनी. त्याची हकीगत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

कोणी म्हणेल, युनियनचे काम करणाऱ्या माणसाने शाळेच्या शिस्तीवर बोलावे हा काय प्रकार? आमचे म्हणणे असे की, शिस्त, शिक्षा आणि चौकशी हा तर आमचा रोजचा धंदाच आहे. आम्ही आयुष्यभर आरोपपत्रे वाचीत आलो, त्यांची उत्तरे लिहीत आलो, आणि चौकशीच्या खोलीत कामगाराच्या शेजारच्या खुर्चीवर बसत आलो. एके काळी मुकादमाने ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटले की विषय संपत असे. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला तेव्हा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याच्या मालकाला प्रथमच हे लेखी सांगणे भाग पडले की, गैरवर्तन म्हणजे नेमके काय. आणि कामगाराला बडतर्फ करण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप त्याला लेखी कळवून त्याचे म्हणणे ऐकून घेणेही भाग पडले. ह्या ऐकून घेण्यात लबाडी चालत नाही असे नव्हे. चौकशी अधिकारी मालकाने नेमलेला, साक्षीदार मालकाच्या पगारावरचे, आणि निकाल पुष्कळदा आधी टंकलिखित करून ठेवलेला. तरी पण दार किलकिले झाले, एवढे खरे.

आता शाळेकडे पाहा. काच फुटते. मास्तर येतात. जो जवळ उभा असतो, किंवा ज्याचे नाव आधीच वाईट झालेले असते, त्याच्या हातावर छडी बसते किंवा त्याचे नाव हजेरीपटावरून जाते. फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि शिक्षा अमलात आणणारा असे चौघे एकाच माणसात सामावलेले! ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस शहरी १९७१ साली काही विद्यार्थ्यांना, एक शब्दही न विचारता, दहा दिवसांपर्यंत शाळेबाहेर काढले. त्यांतला एकजण म्हणत होता की, भोजनगृहात गोंधळ झाला तेव्हा आपण नुसते उभे होतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ साली, नऊ न्यायमूर्तींपैकी पाचांच्या बहुमताने, निकाल लागला की, दहा दिवसांसाठी जरी बाहेर काढावयाचे तरी मुलाला आरोप सांगा आणि त्याची बाजू ऐका. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, ठरवले की क्रूर शिक्षेविरुद्धचे घटनेचे कलम शाळेतील मारहाणीला लागू पडत नाही. त्या खटल्यातील फ्लोरिडाच्या मुलाला लाकडी फळीचे वीसहून अधिक तडाखे बसले होते. गुन्हेगाराला तुरुंगात जे संरक्षण होते, ते मुलाला वर्गात नव्हते.

बाहेर काढलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे शाळेला कळत नाही, आम्हांला कळते. तो आम्हांला कारखान्याच्या दाराशी, कंत्राटदाराच्या हजेरीवर भेटतो. आमच्या संघटनेत असा एक कंत्राटी कामगार आहे. आठवीत असताना वर्गात कोणाचे तरी पैसे हरवले. ह्याचा बाप हातगाडी ओढणारा, म्हणून संशय ह्याच्यावर. मार बसला, आणि उद्या बापाला घेऊन ये असे फर्मान निघाले. बापाचा रोज बुडेल म्हणून त्याने घरी सांगितलेच नाही. सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि बाजारात हमाली करायचा. महिन्याभराने नाव गेले. आम्ही त्याला विचारले, ‘‘पण तू घेतले होतेस का?’’ तो म्हणाला, ‘‘भाऊ, हे विचारणारे तुम्हीच पहिले.’’ घेतले होते की नव्हते, ते त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही.

तर आता वॉर्सा. १९१२ साली पोलंडवर रशियाच्या झारचे राज्य होते. त्या वर्षी वॉर्सातील क्रोख्माल्ना नावाच्या रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या नव्या इमारतीत ज्यू मुलांचे एक अनाथालय सुरू झाले. रस्ता गरिबांचा, गजबजलेला. अनाथालयाचे प्रमुख एक बालरोगतज्ज्ञ होते. त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. पण लेखक म्हणून त्यांनी घेतलेले यानुश कोर्चाक हेच नाव जगात राहिले. चांगली चालती डॉक्टरकी सोडून हा गृहस्थ शंभरावर पोरक्या मुलांच्या घरात राहावयास गेला. घराचा खरा संसार सांभाळीत स्तेफानिया विल्चिन्स्का नावाच्या बाई. कोर्चाकवर लिहिणारे त्यांचा उल्लेख ओझरता करतात, हा अन्याय आहे. डॉक्टर पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर होते, ती सर्व वर्षे घर बाईंनीच चालवले.

पुढे १९१९ साली वॉर्साजवळच्या प्रुश्कूफ येथे, मारिया फाल्स्का ह्या बाईंच्या बरोबर, कोर्चाक यांनी पोलिश कामगारांच्या पोरक्या मुलांसाठी दुसरे घर काढले. त्याच सुमारास ‘मुलावर प्रेम कसे करावे’ ह्या आशयाच्या नावाचे त्यांचे पुस्तक भागाभागांनी आले. मुलांच्या न्यायालयाची सर्व घटना आणि कलमे त्यात दिलेली आहेत. नुसती कल्पना नाही. वर्षभर चालवून पाहिलेल्या कामाचा अहवाल आहे, आणि त्यात अपयशही लिहून ठेवले आहे. आम्हांला ह्या माणसाविषयी आदर वाटतो तो त्यामुळेच.

व्यवस्था अशी होती. भिंतीवर एक फळा. ज्याला कोणावर फिर्याद करावयाची त्याने त्या फळ्यावर स्वतःचे नाव आणि ज्याच्यावर फिर्याद त्याचे नाव लिहावयाचे. फिर्याद कोणीही करावी. मुलाने मुलावर करावी, मोठ्यांवर करावी, किंवा स्वतःवरही करावी. लिहिलेले नाव पुसण्याची मुभा असे, आणि पुष्कळ नावे संध्याकाळपर्यंत पुसली जात. कारण राग तोवर उतरलेला असे. ह्या साध्या युक्तीचे आम्हांला फार कौतुक वाटते. शिक्षा करणारा मास्तर रागाच्या भरात शिक्षा करतो. येथे राग आणि निकाल ह्यांच्या मध्ये एक फळा उभा केलेला आहे.

मग चिटणीस दोन्ही बाजूंचे आणि साक्षीदारांचे म्हणणे लिहून घेई. हे चिटणीसपद मोठ्या माणसाकडे, म्हणजे शिक्षकाकडे. पण त्याला मत नसे. तो वाचून दाखवी आणि गप्प बसे. निकाल देणारी पाच मुले. ती चिठ्ठ्या टाकून निवडली जात, आणि चिठ्ठीत नाव फक्त त्या मुलांचे, ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही फिर्याद नाही. आमच्याकडील चौकशी अधिकारी असे चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर आमची निम्मी प्रकरणे लेबर कोर्टात गेलीच नसती!

कायद्याची कलमे एक ते हजार. पण सलग हजार नव्हेत. पहिली नव्व्याण्णव कलमे सोडून देण्याची आहेत. फिर्याद मागे घेतली आहे. फिर्यादीत अर्थ नाही. जे केले ते बरोबरच केले. त्याला ठाऊक नव्हते. सर्वांनीच तसे केले होते. त्याला पश्चात्ताप झाला आहे. क्षमेनेच तो सुधारेल असे न्यायालयास वाटते. सोडून देण्याची इतकी कारणे एका ठिकाणी मांडलेली आम्ही दुसऱ्या कोणत्याही कायद्यात पाहिली नाहीत. कायद्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे की, कोणी वाईट वागला तर क्षमा करणे उत्तम; पण न्यायालयाने भित्र्या मुलाला दांडगटापासून, आणि शांतपणे काम करणाऱ्याला धांदरटापासून वाचवले पाहिजे. क्षमा आहे, पण दुबळ्याच्या पाठीवर पाय देऊन केलेली क्षमा नाही.

नव्व्याण्णवनंतर थेट शंभर, दोनशे, तीनशे असे टप्पे. पहिल्या टप्प्यावर न्यायालय एवढेच म्हणते की, हे घडले. पुढे म्हणते की, तो चुकला, पण असे कोणाच्याही हातून होऊ शकते. त्यापुढे, तो वाईट वागला. पाचशेच्या पुढे निकाल घराच्या वर्तमानपत्रात नावानिशी छापला जातो, फळ्यावर लागतो, घरच्या माणसांना कळवला जातो. नऊशे कलमाशी येऊन न्यायालय म्हणते की, आमची आशा आता संपली. ह्याच्यासाठी कोणी जामीन राहून ह्याला सांभाळणार असेल तर हा येथे राहील. हजारावे कलम घराबाहेर काढण्याचे. पण त्यालाही एक शेपूट आहे. बाहेर काढलेल्याला तीन महिन्यांनी परत घेण्याचा अर्ज करता येतो.

पाहा, ह्या सबंध कायद्यात छडी नाही, उपाशी ठेवणे नाही, कोंडणे नाही, दंडही नाही. आहे ते सर्व बोलणे, लिहिणे आणि सर्वांना कळणे.

एका वर्षात ह्या न्यायालयापुढे साडेतीन हजार खटले आले. कमीत कमी आठवड्याला पन्नास, जास्तीत जास्त एकशे तीस. टोपणनावाने हाक मारली, धक्का दिला, वही घेतली, दार आपटले, खेळात घेतले नाही. मोठ्यांना हसू येईल असे. बहुतेकांचा निकाल शंभराच्या आतच लागला. पण आमचा अनुभव सांगतो की, कारखान्यातील मोठे भांडणही दार आपटण्यापासूनच सुरू होते. आणि ज्याची लहान तक्रार ऐकून घेण्यास जागा नसते त्याची मोठी तक्रार एकदम अंगावर येते.

हे न्यायालय मोडकळीसही आले होते. कलम लागले तर लागले, त्याने काय होते, असे काही दांडगी मुले उघड म्हणू लागली. कोणी सूड म्हणून फिर्यादी गुदरू लागला. न्यायाधीश मुले कंटाळली. बसावयास नको म्हणू लागली. तेव्हा कोर्चाक यांनी न्यायालय काही आठवडे बंद ठेवले. दुसरा असता तर म्हणाला असता, ‘पाहिलेत? मुलांना हे झेपत नाही,’ आणि छडी बाहेर काढली असती. ह्यांनी दुरुस्त्या केल्या. निकाल मान्य नसेल त्याला महिन्याने फेरतपासणी मागता यावी. काही नाजूक प्रकरणे पाच जणांपुढे न आणता, एक शिक्षक आणि गुप्त मतदानाने निवडलेली दोन मुले ह्यांच्या मंडळाकडे जावीत. आणि मुलांना शिक्षकांवर व नोकरवर्गावर फिर्याद करण्याचा हक्क असावा. ही शेवटची दुरुस्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालयाची पत गेली, ती सावरावयाची तर कायदा मोठ्यांना लागू करा, असे त्यांचे निदान होते. आमच्या मते ते बिनचूक होते.

आणि ते नुसते निदान नव्हते. सहा महिन्यांत ह्या गृहस्थांनी स्वतःवर पाच खटले भरले. एकदा एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून. एकदा एकाला झोपण्याच्या दालनातून बाहेर काढले म्हणून. एकदा कोपऱ्यात उभे केले म्हणून. एकदा एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. आणि एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. पाचही निकाल शंभराच्या आतले लागले. हजार कलमांच्या कायद्यात डॉक्टर अगदी स्वस्तात सुटले असे कोणी म्हणेल. पण त्या मुलीच्या बाजूने विचार करा. आळ घेणारा माणूस घराचा मालक, लेखक, डॉक्टर. आणि तो आपल्या वयाच्या पाच मुलांपुढे उभा राहून, हा आळ आपण का घेतला, ते सांगतो. आमच्या त्या हमाली करणाऱ्या मुलाला एवढे जरी मिळाले असते, तरी तो कदाचित दुसऱ्या दिवशी शाळेत गेला असता. हे खटले म्हणजे आपले खरे शिक्षण झाले, अशा अर्थाचे कोर्चाक यांनी लिहून ठेवले आहे.

ह्या घराचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. तो थोडक्यात सांगतो, कारण त्या शेवटाच्या सावलीत त्यांचे तीस वर्षांचे काम झाकले जाते. जर्मन सैन्याने वॉर्सा घेतल्यावर १९४० साली घर घेट्टोच्या भिंतीआड न्यावे लागले. तेथे उपासमारीत, १८ जुलै १९४२ रोजी, मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. खोलीत कोंडून पडलेल्या आजारी मुलाची ही आपल्या देशातील कथा त्या भिंतींच्या आत पोलिश भाषेत खेळली गेली. तीन आठवडे पुरे होण्याच्या आत, ऑगस्टच्या आरंभी, सुमारे दोनशे मुले, कोर्चाक, विल्चिन्स्का बाई आणि इतर शिक्षक ह्यांना ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले. कोर्चाक यांना स्वतःचा जीव वाचवण्याची संधी होती. ती त्यांनी घेतली नाही.

न्यायालयाची कल्पना मात्र दुसऱ्या वाटांनी पुढे आली. ह्या वाटांचा कोर्चाक यांच्याशी थेट संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी पोलंडमध्ये जे केले ते दुसऱ्यांनी दुसरीकडे आपापल्या गरजेने पुन्हा शोधून काढले. १९७४ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा गावी दोन तरुणांनी एका रात्री दारूच्या नशेत बावीस ठिकाणी नासधूस केली. गाड्यांच्या चाकांना भोके पाडली, खिडक्या फोडल्या. परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवले की, ह्यांना एकेका घरी जाऊन त्या माणसांना तोंड द्यायला लावा. न्यायाधीशांनी ते मानले. दोघेजण दारोदार गेले, नुकसान ऐकले, आणि पुढच्या महिन्यांत भरपाई केली. १९८९ साली न्यूझीलंडने कायदाच केला की, अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यात त्याचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले तो, ह्यांची एकत्र बैठक व्हावी. ह्यामागे माओरी लोकांची तक्रार होती. आमची मुले आमच्या कुटुंबांना न विचारता सरकारी संस्थांत नेली जातात, असे ते म्हणत होते. तेथून ही रीत ऑस्ट्रेलियात गेली. आणि १९९४ साली क्वीन्सलंडमधील एका माध्यमिक शाळेत, शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमानंतर झालेल्या मारहाणीच्या प्रकरणी, ती प्रथम वापरली गेली.

विद्वान लोक ह्याला पुनःस्थापक न्याय म्हणतात. शब्द जड आहे. आम्ही सांधणारा न्याय म्हणतो. बैठकीत विचारावयाचे ते असे: काय झाले? तेव्हा तुझ्या मनात काय होते? ह्याचा त्रास कोणाकोणाला झाला? ज्याला झाला त्याला आता काय पाहिजे? आणि ते तू कसे करणार? शिक्षा देणारी शाळा विचारते की, नियम कोणता मोडला आणि दंड किती. त्या हिशेबात ज्याच्या डोक्याला दगड लागला तो मुलगा कोठेच नसतो. दगड मारणाऱ्याला आठ दिवस घरी बसवले, आणि लागलेल्या मुलाला नवव्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसवले, ह्याला न्याय म्हणावयाचे?

नेमके १९९४ सालीच अमेरिका उलट दिशेला गेली. त्या वर्षीच्या संघराज्याच्या कायद्याने, शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला निदान वर्षभर काढून टाकणे राज्यांवर बंधनकारक झाले. बंदुकीपुरते ते समजण्यासारखे होते. पण हळूहळू तीच कडक रीत मारामारीला, उर्मटपणाला, आणि उशिरा येण्यालाही लागू झाली. बाहेर जाणाऱ्यांत काळी मुले गोऱ्यांच्या मानाने कितीतरी अधिक होती. मग ह्या शतकात एकामागून एक शहरे सांधणाऱ्या न्यायाकडे वळली. ते वळणे सरळ नव्हते. पिट्सबर्ग शहरातील ४४ शाळांपैकी निम्म्या शाळांत दोन वर्षे हा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मुलांना बाहेर काढण्याचे दिवस कमी झाले, काळ्या-गोऱ्यांतील अंतर कमी झाले, शाळेतील वातावरण सुधारले असे शिक्षक म्हणाले. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले, आणि मुलांना स्वतःला वातावरण सुधारलेले वाटले नाही. ही गोष्ट ह्या मताचे काही प्रचारक दडवून ठेवतात. दडवू नये. मालकाचा ताळेबंद आम्ही वाचतो तेव्हा तोट्याचा रकाना आधी पाहतो. आपल्या आवडत्या कल्पनेचाही तसाच वाचावा.

आमच्या मते घोटाळा होतो तो येथे: वरून हुकूम येतो की, उद्यापासून मुलांना बाहेर काढावयाचे नाही, वर्तुळ करून बसावयाचे. शिक्षकाचे तास तेवढेच, मुले तेवढीच. एका दिवसाचे प्रशिक्षण आणि एक पुस्तिका. मग वर्तुळात काय होते? ‘सॉरी म्हण’ असे एकाला सांगतात, ‘जाऊ दे आता’ असे दुसऱ्याला. जुलमाची माफी ही छडीपेक्षा स्वस्त असते, एवढाच फरक. आणि ज्याला मार बसला त्याला मारणाऱ्यासमोर बसावयाचे नसेल, तर त्याला बळेच बसवणे हा त्याच्यावर दुसरा मार आहे. न्यूझीलंडच्या कायद्यात नुकसान झालेल्या माणसाला बैठकीस यावयाचे की नाही, हे त्याच्या मर्जीवर ठेवले आहे, ते उगीच नव्हे.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्या दोहोंची बंदी केली. सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत त्याला काढून टाकण्याचीही बंदी केली. लानेलीच्या पोरांनी मागितले त्याहून हे अधिक आहे. पण काय करू नये ते कायद्याने सांगितले; काय करावे ते शिक्षकाच्या गळ्यात टाकले. आमचे शिक्षक मित्र आम्हांला विचारतात, ‘‘साहेब, छडी काढून घेतलीत, हातात काय दिलेत?’’ हा प्रश्न रास्त आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिलेले आहे. शिक्षकांच्या संघटनांनी ते प्रमाण हट्टाने मागावे. निवडणुका, जनगणना आणि याद्या ह्यांतून शिक्षक मोकळा व्हावा म्हणून भांडावे. त्या भांडणात आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. साडेतीन हजार खटल्यांचे कागद लिहून काढावयाचे तर कोणाला तरी बसून लिहिण्यास वेळ लागतोच.

पण सर्व काही मिळेपर्यंत थांबावे, असेही आम्ही म्हणणार नाही. युनियनचे पहिले काम बहुधा तक्रारवहीपासूनच सुरू होते. पैसे, कचेरी, मान्यता हे सर्व मागाहून येते. एखाद्या शाळेत एका वर्गाने एक फळा लावावा, त्यावर दोन नावे लिहिण्याची मुभा द्यावी, आणि शाळा सुटेपर्यंत ती पुसण्याचीही मुभा द्यावी. उरलेल्या नावांसाठी शनिवारी अर्धा तास बसावे. त्या फळ्यावर मास्तरांचे नाव लिहिता येईल की नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी वर्गासमोर सांगून टाकावे लागेल. क्रोख्माल्ना रस्त्यावरच्या घरात ते लिहिता येत होते.